नववीतच ठरते पदवी : नार्नूरच्या मुलांपुढच्या विज्ञानवाटा

तेलंगणाच्या इंटरचा, म्हणजे तिथल्या बारावीचा, निकाल साधारण एप्रिलअखेर लागतो, महाराष्ट्राच्या बारावीचा मे महिन्यात. आदिलाबाद जिल्ह्याच्या नार्नूर मंडलात दोन्ही निकालांकडे डोळे लावून बसलेली घरे सापडतात. महाराष्ट्राची हद्द इथून लांब नाही आणि कित्येकांच्या घरात मराठीच बोलली जाते. निकाल कुठलाही असो, त्यानंतरचा प्रश्न ठरलेला. बायपीसी (जीवशास्त्राचा गट) झाले, आता काय? एमपीसी (गणिताचा गट) झाले, आता काय? नीटला गुण कमी पडले म्हणून बी.एस्सी., इंजिनिअरिंगची फी झेपत नाही म्हणून बी.एस्सी., मैत्रिणीने घेतले म्हणून बी.एस्सी. विज्ञानाची पदवी अशी उरलीसुरली म्हणून पदरात पडते. तीन वर्षांनी नोकरीची जाहिरात निघते आणि पात्रतेची ओळ वाचताना कळते की आपली पदवी त्या ओळीत बसतच नाही.

हे टाळता येते. पदवीच्या नावावर जाऊ नये. ती कोणत्या परीक्षेला बसू देते, कोणत्या पदाला पात्र ठरवते आणि त्यासाठी किती वर्षे व किती पैसा लागतो, हे आधी पाहावे. सीमेवरच्या मुलांनी तर हे बारावीनंतर पाहून उपयोग नाही, दहावीनंतरही उशीर झालेला असतो. नववीत जाण्याआधीच ते पाहायला हवे. हे बोलणे टोकाचे वाटेल, पण नियमच तसे आहेत.

शाळा कोणत्या राज्यात?

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले. किनवट आणि राजुरा हा मराठी मुलूख मुंबई राज्याकडे गेला. किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे, राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात. उटनूर-नार्नूरचा डोंगराळ भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ मध्ये तेलंगणात आला. सोयरिकी, बाजार आणि देवदर्शन या रेषेला मानत नाहीत. प्रवेशाचे नियम मात्र तिला काटेकोरपणे मानतात.

तेलंगणातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यातून जागा हवी असेल, तर पात्रता परीक्षेपर्यंतची सलग चार वर्षे, म्हणजे नववी ते बारावी, राज्यातच शिकलेली असावी लागतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने जीओ ३३ हा शासन आदेश काढून हा नियम पक्का केला. त्यावर न्यायालयात बरीच लढाई झाली आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. महाराष्ट्राचा नियम वेगळा आहे. तिथे राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी, शिवाय अधिवासाचा दाखला हवा.

आता नार्नूरची एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. दहावी नार्नूरला झाली. पुढे मराठीतून समजावून सांगणारे शिक्षक मिळतील आणि मामाच्या घरी राहता येईल म्हणून अकरावी-बारावीला राजुऱ्याला गेली. अभ्यास मनापासून केला, नीटला गुणही चांगले पडले. पण तेलंगणाच्या हिशेबात तिची चार वर्षे भरत नाहीत आणि महाराष्ट्राच्या हिशेबात तिची दहावी बाहेरची ठरते. दोन राज्ये असून तिला राज्य-कोटा एकाही राज्याचा नाही. उरतो तो पंधरा टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा, जिथे साऱ्या देशाशी गाठ असते. घरच्यांनी हा निर्णय मुलीच्या भल्यासाठीच घेतलेला असतो, पण दहावीच्या सुट्टीत त्यांना हे सांगायला कोणी आलेले नसते.

इंजिनिअरिंगला आणखी एक नियम आहे. एनआयटीमधल्या निम्म्या जागा 'होम स्टेट'च्या मुलांसाठी असतात आणि तिथे राज्य ठरते ते बारावी कुठून केली यावरून. नार्नूरच्या मुलाने इंटर उटनूरला केले तर त्याची एनआयटी वरंगलची, बारावी राजुऱ्याला केली तर नागपूरची. म्हणजे एकाच मुलाला वैद्यकीयसाठी एक नियम आणि एनआयटीसाठी दुसरा. दोन्ही नियम अधिकृत माहितीपुस्तिकांत छापलेले असतात, पण त्या पुस्तिका पाड्यावर पोहोचत नाहीत.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. अनुसूचित जमातीची यादी राज्यागणिक असते. गोंड, कोलाम, आंध हे दोन्ही राज्यांत जमातींच्या यादीत आहेत. लंबाडा म्हणजे बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत येतो, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. आणि जात दोन्ही याद्यांत असली, तरी एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्याच्या राखीव जागेसाठी चालत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले. ते प्रकरण मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रवेशाचे होते आणि दाखला आंध्र प्रदेशातल्या जमातीचा होता. सीमा ओलांडून शिकायला जाणाऱ्या प्रत्येक आदिवासी मुलाने हा निकाल माहीत करून घ्यावा.

एमपीसी की बायपीसी

दहावीनंतरचा दुसरा फाटा गटाचा. तेलंगणात गणित घेतले की एमपीसी आणि जीवशास्त्र घेतले की बायपीसी, अशी सरळ विभागणी असते. महाराष्ट्रात अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. अभ्यासाचा भार वाढतो, पण दोन वर्षांनी डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंग असे दोन्ही मार्ग मोकळे राहतात. तेलंगणात सोळाव्या वर्षीच त्यातला एक सोडावा लागतो.

सोडताना काय सोडतो आहोत ते पाहावे. बायपीसीवाल्याला नीट, कृषी, नर्सिंग, पशुवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्र या वाटा आहेत. एमपीसीवाल्याला इंजिनिअरिंग, संगणक, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि पुन्हा औषधनिर्माणशास्त्र. बी.फार्म. दोन्ही गटांना खुले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भारतीय हवामान विभागातल्या वैज्ञानिक सहायकाच्या भरतीत बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असण्याची अट घातलेली आहे. बायपीसी करून पुढे कितीही शिकले, तरी ही अट पदवीने भरून निघत नाही.

याच वेळी बासरचाही विचार व्हावा. निर्मल जिल्ह्यातल्या बासर इथे २००८ पासून आरजीयूकेटी म्हणजे लोकांच्या तोंडचे ट्रिपल आयटी आहे. तिथे प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो आणि सहा वर्षांत इंटर आणि बी.टेक. सलग पूर्ण होते. निवासी नसलेल्या सरकारी शाळांतल्या मुलांना गुणांत थोडी भर दिली जाते. कोचिंगला पैसे नसलेल्या घरातल्या हुशार मुलासाठी यासारखी दुसरी संधी या भागात नाही. तिचा अर्ज दहावीच्या निकालानंतर लगेच भरायचा असतो, म्हणून तिची माहिती निकालाआधी हवी.

भाषेचा मुद्दाही मोठा आहे. नीटची प्रश्नपत्रिका तेरा भाषांत निघते आणि त्यात मराठी आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. आदिलाबादचे केंद्र घेतले तर इंग्रजी, तेलुगू, हिंदी किंवा उर्दूतून एक निवडावी लागते. घरी गोंडी किंवा मराठी, गावच्या शाळेत मराठी, पुढे तेलुगू किंवा इंग्रजी असा प्रवास केलेल्या मुलाला पेशी आणि ऊतींची तीन-तीन नावे लक्षात ठेवावी लागतात. म्हणून नववीपासून विज्ञानाची परिभाषा इंग्रजीतूनही वाचायची सवय लावणे हा व्यवहार आहे. त्यात मराठीचा अपमान नाही. संकल्पना मराठीत समजून घ्यावी आणि तिचे इंग्रजी नाव वहीत शेजारी लिहावे. मुलांना याचा खरा उपयोग होतो.

तीन अक्षरांत दडलेली पात्रता

तेलंगणात पदवीचे प्रवेश २०१६ पासून 'डोस्ट' या ऑनलाइन पद्धतीने होतात. मुलगा इंटरनेट सेंटरवर बसतो, समोर महाविद्यालयांची आणि विषयगटांची यादी उघडते. बीझेडसी म्हणजे वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, रसायनशास्त्र. एमपीसी म्हणजे गणित, भौतिक, रसायन. एमपीसीएस म्हणजे रसायनाच्या जागी संगणक. एमएससीएस म्हणजे गणित, संख्याशास्त्र, संगणक. त्याखेरीज सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान असलेले गट. पसंतीक्रम भरायला अर्धा तास पुरतो. पण त्या तीन-चार अक्षरांवर पुढची तीस वर्षे अवलंबून असतात.

अन्नसुरक्षा अधिकाऱ्याचे पद घ्या. २०११ च्या नियमांनुसार त्याला अन्नतंत्रज्ञान, दुग्धतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी एकाची पदवी चालते. रसायनशास्त्राची मात्र पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर तीन वर्षांत पात्र होतो आणि रसायनशास्त्राच्या पदवीधराला आणखी दोन वर्षे घालवावी लागतात. दोघे एकाच महाविद्यालयात, शेजारच्या वर्गांत बसलेले असतात.

भारतीय वनसेवेच्या परीक्षेचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. तिथे वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांपैकी निदान एक विषय पदवीला असलेला किंवा कृषी, वनशास्त्र, इंजिनिअरिंगचा पदवीधर लागतो. कलाशाखेच्या पदवीधराला हे दार बंद आहे. कवलच्या व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात, जंगलाच्या सान्निध्यात वाढलेल्या बीझेडसीच्या मुलांनी हे लक्षात घ्यावे. ग्रुप-२, बँका, पोलीस उपनिरीक्षक या परीक्षांना कोणतीही पदवी चालते. तेच ध्येय असेल, तर जो विषय आवडतो आणि जिथे गुण चांगले मिळतील तो घ्यावा. अवघड विज्ञानात कसेबसे उत्तीर्ण होण्याने तिथे काही साधत नाही.

रसायनशास्त्राला या पट्ट्यात किंमत का आहे

बीझेडसी घेणाऱ्या मुलामुलींना माझा एक आग्रह आहे. त्यातल्या 'सी'कडे दुर्लक्ष करू नका. नुसत्या पदवीवर खासगी क्षेत्रात काम देणारा विषय या टापूत शोधायचा झाला, तर तो रसायनशास्त्र आहे.

सीमा ओलांडली की गडचांदूर, अवारपूर, उप्परवाही हा सिमेंटचा पट्टा लागतो. चुनखडीचे थर या भूमीखाली पसरलेले आहेत. आदिलाबादलाही सरकारी सिमेंट कारखाना होता, तो १९९० च्या दशकाअखेर बंद पडला. सिमेंट कारखान्याची प्रयोगशाळा दिवसरात्र चालते. भट्टीतून निघालेल्या क्लिंकरचा नमुना ठरावीक वेळाने टेबलावर येतो. तो दळायचा, चाळायचा, वजन करून घ्यायचा आणि त्यातला मोकळा चुना टायट्रेशनने मोजायचा. चुना प्रमाणाबाहेर निघाला, तर भट्टीतला ताव कमी पडला किंवा कच्च्या मिश्रणाचे प्रमाण बिघडले, असे समजायचे आणि तसा निरोप भट्टीवर ताबडतोब द्यायचा. कारण असे सिमेंट पुढे बांधकामात फुगते आणि भिंतीला तडे जातात. सिमेंट-वाळूचे ठोकळे तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी यंत्राखाली दाबून फोडतात. ५३ ग्रेडच्या सिमेंटच्या ठोकळ्याने अठ्ठावीस दिवसांनी किमान ५३ मेगापास्कल दाब सोसला पाहिजे. पदवीच्या पहिल्या वर्षी ब्युरेटमधला थेंब नेमका कुठे थांबवायचा हे ज्याने मन लावून शिकले, त्याला हे काम परके वाटत नाही. ज्याने प्रॅक्टिकलची वही दुसऱ्याची पाहून उतरवली, तो मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडतो.

कोळशाचेही असेच आहे. मंचिर्यालकडे सिंगरेणीच्या खाणी, चंद्रपूरकडे वेस्टर्न कोलफील्ड्स आणि औष्णिक वीज केंद्र. कोळशातली राख, ओलावा आणि उष्मांक मोजल्याशिवाय त्याचा भाव ठरत नाही. कागजनगरची सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये बंद पडली होती, ती २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. लगद्याच्या प्रत्येक टप्प्यावर रसायनशास्त्र लागते.

आणि हैदराबाद आहेच. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आयडीपीएलचा मोठा कारखाना तिथे उभा राहिला. त्यातून शिकून बाहेर पडलेल्यांनी पुढे स्वतःच्या औषध कंपन्या काढल्या. डॉ. अंजी रेड्डी त्यांतले एक, त्यांची डॉ. रेड्डीज १९८४ ची. आज औषधांचे मूळ द्रव्य बनवणाऱ्या कारखान्यांचे जाळे त्या शहराभोवती आहे. औषध कायद्याच्या १९४५ च्या नियमांत उत्पादनाची देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाची पात्रता दिलेली आहे. त्यात रसायनशास्त्र मुख्य विषय असलेला आणि औषधनिर्मितीचा तीन वर्षांचा अनुभव असलेला विज्ञान पदवीधर बसतो. सेंद्रिय किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली, तर संशोधन विभागातही शिरता येते. बीझेडसीच्या मुलांनाही रसायनशास्त्रातल्या एम.एस्सी.ची सीपीजीईटी ही प्रवेशपरीक्षा देता येते. एक सावधगिरी मात्र हवी. रसायनांच्या कारखान्यात रात्रपाळी असते, वायू आणि द्रावके असतात. नेमणूकपत्र घेताना सुरक्षिततेची साधने, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांची चौकशी संकोच न करता करावी.

शेती, नर्सिंग, प्रयोगशाळा

नार्नूरची शेती बहुतांशी पावसावरची. कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी. मूल शेतकऱ्याचे असेल, जीवशास्त्र आवडत असेल, तर कृषी पदवी आणि वनस्पतीशास्त्राची पदवी यांतला फरक त्याने नीट समजून घ्यावा. बी.एस्सी. कृषी चार वर्षांची असते. तेलंगणात तिचा प्रवेश ईएपीसेटच्या बायपीसी प्रवाहातून होतो, जिला लोक अजून एमसेटच म्हणतात. प्रा. जयशंकर कृषी विद्यापीठात शेतकरी कुटुंबांतल्या मुलांसाठी राखीव जागा आहेत. कृषी खात्यातले अधिकारीपद या पदवीला मिळते, वनस्पतीशास्त्राच्या बी.एस्सी.ला मिळत नाही. चार वर्षे थांबणे घराला शक्य नसेल, तर दहावीनंतरची दोन वर्षांची कृषी पदविका आहे. कृषी विस्तार अधिकाऱ्याच्या पदाला ती चालते. तेलंगणात साधारण पाच हजार एकरांमागे असा एक अधिकारी अशी रचना आहे, म्हणजे हे काम गावाजवळचे आहे.

बायपीसीच्या मुलींसाठी नर्सिंगचा विचार मी सर्वांत आधी करीन. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, जीएनएम तीन, एएनएम दोन. तिन्ही शब्दांना गावात सरसकट 'सिस्टर'चा कोर्स म्हणतात, पण पुढची बढती तिघींची सारखी नसते. २०१८ पासून देशभर उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. या पदाला नर्सिंगची पदवी चालते. आदिलाबादला २००८ पासून रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२३ मध्ये आसिफाबाद आणि निर्मल इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. रुग्णालये वाढली की परिचारिका, क्ष-किरण तंत्रज्ञ, भूलतंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ हे सगळे लागतात. रक्त तपासायची आवड असेल, तर बीझेडसी घेऊन भागत नाही. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेसाठी एमएलटी म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पात्रता आणि पॅरामेडिकल बोर्डाची नोंदणी लागते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आहे, त्यामुळे नोंदणी नसलेल्या संस्थेत पैसे भरण्याआधी दहादा चौकशी करावी.

नार्नूरची मुलगी नार्नूरच्याच दवाखान्यात रुजू झाली तर काय बदलते, हे पाहा. तिला गोंडी कळते, बंजारा बोली कळते, मराठी आणि तेलुगू येते. ॲनिमियाच्या गोळ्या का घ्यायच्या, हे ती गरोदर बाईला तिच्या भाषेत सांगू शकते. देशातल्या ५०० मागास तालुक्यांसाठी जानेवारी २०२३ मध्ये आकांक्षित तालुका कार्यक्रम सुरू झाला, त्यात नार्नूर आहे. तिथल्या कामासाठी आदिलाबाद जिल्ह्याला २१ एप्रिल २०२५ रोजी नागरी सेवा दिनी पंतप्रधान पुरस्कार मिळाला. त्या कार्यक्रमाचे निकष आरोग्य-पोषण, शिक्षण, शेती, पायाभूत सोयी आणि सामाजिक विकास असे आहेत. यांतले पहिले तीन प्रत्यक्ष हलवणारी माणसे म्हणजे परिचारिका, तंत्रज्ञ, विज्ञानशिक्षक, कृषी अधिकारी. विज्ञान शिकलेल्यांना इथे काम नाही, हे म्हणणे त्यामुळे खरे नाही. योग्य पात्रता घेतलेली स्थानिक माणसे कमी पडतात, हे खरे आहे.

मास्तरकीचे बदललेले नियम

या डोंगरांत शिक्षणातून नोकरी ही कल्पना रुजवली ती मारलवाई गावाने. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने निझाम सरकारने तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र काढले. गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. तेव्हापासून इथल्या घरांत 'शिकला म्हणजे मास्तर झाला' हे समीकरण पक्के आहे. म्हणून बी.एस्सी., मग बी.एड. ही वाट डोळे झाकून धरली जाते.

ती धरण्याआधी दोन निकाल वाचावेत. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदाला बी.एड. चालणार नाही, त्याला डी.एल.एड. ही पदविका लागेल. तेलंगणाच्या २०२४ च्या डीएससी या शिक्षकभरतीत एकूण ११,०६२ जागा होत्या. त्यांत प्राथमिकच्या एसजीटीच्या ६,५०८ आणि माध्यमिकच्या स्कूल असिस्टंटच्या २,६२९. बी.एस्सी., बी.एड. झालेल्याला या मोठ्या आकड्याला हातच लावता येत नाही आणि छोट्या आकड्यातही गणित, भौतिक विज्ञान, जीवविज्ञान अशी वाटणी असते. इंटरनंतर दोन वर्षांचे डी.एल.एड. करणारी मुलगी एसजीटीला पात्र होते, पाच वर्षे शिकलेला तिचा भाऊ होत नाही. दुसरा निकाल एप्रिल २०२० चा. अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकपदे शंभर टक्के स्थानिक आदिवासींसाठी राखणारा २००० चा जीओ ३ घटनापीठाने रद्द केला. जुन्या पिढीचा अनुभव त्यामुळे आज जसाच्या तसा लागू पडत नाही.

शिक्षक व्हायचेच असेल, तर बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.एस्सी.-बी.एड. एकात्मिक अभ्यासक्रम पाहावा. बी.एस्सी. आणि बी.एड. वेगवेगळे करण्यापेक्षा त्यात एक वर्ष वाचते. म्हैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्था दक्षिणेतल्या राज्यांसाठी, म्हणजे तेलंगणासाठीही आहे. तेलंगणाच्या टेटमध्ये, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, पहिली भाषा म्हणून मराठी घेता येते, हेही मराठी मुलांनी विसरू नये.

ज्याला विज्ञानच हवे आहे

नोकरीच्या हिशेबात एक मूल हरवू नये. ज्याला तारे का चमकतात किंवा बोंडअळी औषधाला का दाद देत नाही हे खरोखर जाणून घ्यायचे आहे, ते मूल. त्याला 'शुद्ध विज्ञानाला भविष्य नाही' असे सांगणे चूक आहे. भविष्य आहे, पण वाट लांब आहे आणि तिचा खर्च कसा भागवायचा हे आधीच ठरवावे लागते.

डॉ. भास्कर हलामी यांचे उदाहरण जवळचे आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले चिरचाडी हे त्यांचे गाव. लहानपणी अन्नाची ददात होती, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. चौथीपर्यंत कसनसूरची आश्रमशाळा, मग शिष्यवृत्तीच्या परीक्षेतून यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरचे शासकीय विद्यानिकेतन. केळापूर आदिलाबादहून नागपूरला जाणाऱ्या महामार्गालगतच आहे. गडचिरोलीत बी.एस्सी., नागपूरच्या विज्ञान संस्थेत रसायनशास्त्रात एम.एस्सी., २००३ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत सहायक प्राध्यापक. पुढे अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. आणि मेरीलँडमधल्या कंपनीत आरएनएवर आधारित औषधांचे संशोधन. पहिली पदवी छोट्या गावातली होती, म्हणून काही अडले नाही. प्रत्येक टप्प्यावर पुढची परीक्षा त्यांनी वेळेत दिली.

त्या परीक्षा आज कोणत्या? बारावीनंतर आयसर आणि नायसर या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा. हैदराबाद विद्यापीठातली पाच वर्षांची एकात्मिक एम.एस्सी. बी.एस्सी.नंतर आयआयटी आणि आयआयएस्सीसाठी जॅम. बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती, वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत. एम.एस्सी.नंतर नेट-जेआरएफ. तिची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय फेलोशिप, दरवर्षी ७५० जागा. म्हणजे घरातून पैसे लागतात ते मुख्यतः पहिली पाच वर्षे. त्यानंतर संशोधक स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो.

भूगर्भशास्त्राचे नाव इथे मुद्दाम घेतो, कारण ते फारसे कोणी सुचवत नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यमनपल्ली गावाजवळ ज्युरासिक काळातल्या एका महाकाय डायनोसॉरची हाडे मिळाली. १९८८ मध्ये त्याचे नामकरण झाले, कोटासॉरस यमनपल्लीएन्सिस. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. कोळसा, चुनखडी आणि जीवाश्म असलेल्या भूमीतल्या मुलाला भूवैज्ञानिक होण्यासाठी एम.एस्सी.नंतर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा आहे. भूजल हाही त्याच शाखेचा विषय आहे, आणि पाण्याची निकड इथे कोणाला सांगायला नको.

आता काय करावे

डिसेंबर २०२३ पासून तेलंगणाच्या बसमध्ये महिलांना तिकीट नाही. उटनूर किंवा आदिलाबादच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचा एक मोठा अडसर त्याने दूर झाला. शिष्यवृत्त्या आहेत, आदिवासी कल्याण निवासी महाविद्यालये आहेत. कमी पडते ती वेळेवर मिळणारी माहिती, आणि ती देणे फारसे खर्चाचे नाही.

आठवीच्या वार्षिक परीक्षेनंतर प्रत्येक शाळेने पालकसभा घ्यावी आणि मराठी, तेलुगू, गोंडी अशा तिन्ही भाषांत चार गोष्टी सांगाव्यात. नववी ते बारावी एकाच राज्यात का करायची, बासरचा अर्ज कधी भरायचा, एमपीसी-बायपीसीने काय सुटते आणि जातीचा दाखला कुठे चालतो. इंटरच्या पहिल्या वर्षी मुलांना पाच खऱ्या जाहिराती वाचायला द्याव्यात. कृषी विस्तार अधिकारी, स्टाफ नर्स, स्कूल असिस्टंट, अन्नसुरक्षा अधिकारी, भूवैज्ञानिक. पात्रतेच्या ओळीखाली रेघ ओढायला सांगावे. जे काम करावेसे वाटते त्याची ओळ आधी शोधावी आणि तिथून मागे येत पदवी ठरवावी. पालकांनी एवढेच करावे की मुलाचे गुण विचारण्याआधी त्याला कोणता विषय समजतो आणि कोणता आवडतो ते विचारावे. आवड आणि पात्रता यांचा मेळ बसला, तर नार्नूरहून निघालेले मूल प्रयोगशाळेतही पोहोचेल आणि गावच्या दवाखान्यातही. दोन्ही ठिकाणी त्याची गरज आहे.